मुंबई ते मालवण विमानाने ‘२६ मिनिटं’? अंतराचा आणि वेळेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीहून गणपतीसाठी आईला घेऊन मालवणला जायचंय. भाऊ दुबईहून येणार आणि मुंबईत गाठणार. एका संकेतस्थळावर ‘मुंबई–मालवण विमान अंतर ३४३ किमी, प्रवासाचा वेळ २६ मिनिटं’ असं लिहिलंय. मालवणजवळच्या चिपी विमानतळाच्या विमानाची वेळ मात्र १ तास २५ मिनिटं अशी ऐकलेली. रस्ता पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि रेल्वेच्या तिकिटावर आणखी वेगळाच आकडा. यातलं खरं काय धरायचं, आणि घरातून निघायचं कधी?

माझी सगळी नोकरी विमानांच्या उड्डाण नियोजनात झाली. आमच्याकडे त्याला डिस्पॅच म्हणतात. कुठल्या वाटेने जायचं, किती उंचीवरून, किती इंधन भरायचं, उतरता आलं नाही तर पुढे कुठे जायचं, हे विमान हलण्याआधी कागदावर मांडणारा माणूस तो डिस्पॅचर. गाव परुळ्याच्या बाजूला, त्यामुळे या प्रश्नात घरचाही इंटरेस्ट आहे. जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही दिलेले सगळे आकडे खरे आहेत, पण प्रत्येक आकडा वेगळ्याच गोष्टीचा आहे. ३४३ किमी म्हणजे मुंबई विमानतळ आणि मालवण या नकाशावरच्या दोन ठिपक्यांमधलं सरळ अंतर. त्याला ताशी ८०० किमीने भागलं की २६ मिनिटं येतात. संकेतस्थळाने एवढंच केलंय. ८०० हा जेट विमानाचा वर एका पातळीवर उडतानाचा वेग. म्हणजे मुंबईच्या आकाशात आधीपासूनच भरधाव असलेलं विमान मालवणच्या जेट्टीवरून त्याच वेगात निघून गेलं, तर मधला वेळ २६ मिनिटं. तुम्हाला आईला घेऊन खाली उतरायचंय, तेव्हा हा आकडा विसरा. शिवाय मालवणला विमानतळच नाही. ही संकेतस्थळं कुठल्याही दोन गावांमध्ये विमान उडवतात. याच पद्धतीने मुंबई–रत्नागिरी २३६ किमी आणि १८ मिनिटं येतील. रत्नागिरीला धावपट्टी आहे, तटरक्षक दलाचा तळ आहे, पण तुमच्या तारखेला तिकीट मिळणारं प्रवासी विमान नसेल तर त्या १८ मिनिटांचं करायचं काय?

सरळ अंतर काढायला मात्र संकेतस्थळाची गरज नाही, आणि कोकणासाठी तर अजिबात नाही. आपला किनारा जवळजवळ उभा आहे, उत्तर–दक्षिण. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी, हे पृथ्वीवर कुठेही धरून चाला. रेखांशाचा अंश मात्र उत्तरेकडे आकसत जातो, आपल्या पट्ट्यात तो साधारण १०६ किमी भरतो. मोबाइलच्या नकाशावर बोट दाबून धरलं की त्या जागेचे अक्षांश–रेखांश मिळतात. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. गोव्यातला मोपा विमानतळ १५.७४ उत्तर, ७३.८६ पूर्व. अक्षांशातला फरक ३.३५, म्हणजे ३७२ किमी. रेखांशातला फरक ०.९९, म्हणजे १०५ किमी. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: ३८६ किमी. शाळेतला काटकोन त्रिकोण. एवढ्या छोट्या अंतराला पृथ्वीच्या गोलाईमुळे उत्तर फारसं हलत नाही. मालवण–देवगडच्या ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, जीपीएस बघून हेच गणित मनात करतो, फक्त सागरी मैलात. अक्षांशाच्या अंशाचा साठावा भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किमी. विमानातही तोच मैल चालतो आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलात, मोजतात.

अशा रीतीने मुंबईहून चिपी, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळ, सुमारे ३५० किमी. मोपा ३८६. गोव्यातला जुना विमानतळ दाबोळी ४२५. काही संकेतस्थळं चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे दाखवतात, कारण कोणी शहराचा मध्य धरतो तर कोणी विमानतळ. मुंबईसारख्या लांबुळक्या शहरात मध्य नेमका कुठे धरला यावर दहा-पंधरा किलोमीटर सहज बदलतात. त्यावर वाद घालू नये.

रेल्वेच्या तिकिटावरच्या आकड्याचंही सांगून टाकतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की कोकण रेल्वे डोंगरातून फिरत जाते म्हणून एवढे किलोमीटर होतात. फिरते ती, पण तेवढी नाही. मार्ग बांधायला आलेला खर्च भरून निघावा म्हणून कोकण रेल्वेच्या टप्प्यावर प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरतात. तिकिटावर छापलेलं अंतर भाड्याचं आहे, रुळांचं नव्हे. त्याला तासांनी भागून ‘गाडीचा वेग’ काढू नका.

आता विमानाचा वेळ. तिकिटावर निघण्याची जी वेळ असते ती विमान हवेत उडण्याची नसते. चाकांसमोरचे चॉक, म्हणजे अडसर, काढून विमान जागेवरून हलतं ती वेळ. आणि पोचण्याची वेळ म्हणजे पलीकडे विमान थांबून पुन्हा चॉक लागतात ती. या दोन्हींमधल्या वेळाला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याच्या आत कुठेतरी असतो, आणि छोट्या प्रवासात तो अर्ध्यापेक्षा थोडाच जास्त भरतो.

चिपीचंच घ्या. ९ ऑक्टोबर २०२१ ला हा विमानतळ सुरू झाला, तेव्हा अलायन्स एअरचं विमान मुंबईहून ११.३५ ला निघून १ वाजता पोचायचं. १ तास २५ मिनिटं. विमान होतं एटीआर ७२, पंख्याचं. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. ३५० किमीला पाचशेने भागलं की ४२ मिनिटं. मग उरलेली ४३ मिनिटं गेली कुठे?

सगळ्यात मोठा वाटा मुंबईतल्या जमिनीवरचा. मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एका धावपट्टीवर दिवसाला नऊशे ते हजार विमानांची ये-जा. जागेवरून मागे ढकलणं, इंजिन चालू करणं, रांगेतून धावपट्टीपर्यंत जाणं, यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. तुमच्या पुढे सात-आठ विमानं उभी असतील तर त्याहून जास्त. चिपीला उतरल्यावर मात्र धावपट्टीवरून दारापर्यंत तीन-चार मिनिटांत येता, तिथे गर्दी कसली?

दुसरा वाटा वळणांचा. मुंबईत वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून असतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊनच उडतं, उतरतं. म्हणून विमान आधी जुहूच्या बाजूने समुद्रावर जातं आणि मग डावीकडे वळून दक्षिण पकडतं. तुम्हाला जायचंय दक्षिणेला, पण पहिली काही मिनिटं तुम्ही अरबस्तानच्या दिशेने असता. परतताना याच्याहून वाईट. दक्षिणेकडून आलेल्या विमानाला मुंबईच्या पूर्वेला वळसा घालून, घाटकोपरच्या डोक्यावरून पश्चिमेकडे तोंड करून उतरावं लागतं. त्यातच कंट्रोलरने ‘होल्ड’ सांगितलं की हवेतच घिरट्या. खिडकीतून तेच तेच डोंगर पुन्हा दिसायला लागले की समजा, रांगेत उभे आहात.

तिसरा वाटा चढण्या-उतरण्याचा, आणि लोकांच्या हिशेबातून नेमका हाच सुटतो. मोपाला जाणारं एअरबस घ्या. ३८६ किमी म्हणजे २०८ सागरी मैल. समजा विमान २८,००० फुटांवर जाणार. तिथवर चढेपर्यंत ऐंशी-नव्वद मैल संपतात. उतरताना आमचा जुना ठोकताळा असा की दर हजार फुटांना तीन मैल, म्हणजे २८ गुणिले ३, चौऱ्याऐंशी मैल, शिवाय वेग कमी करायला आणखी दहा. बेरीज करा. पूर्ण वेगाने एका पातळीवर उडायला उरतात तीसेक मैल, म्हणजे चार-पाच मिनिटं! हवाई सुंदरी पाण्याची गाडी घेऊन अर्ध्यात पोचते तोवर विमान उतरायला लागलेलं असतं, ते यामुळेच. त्यात १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किमीची, वेगमर्यादा असते. जेट असो की पंख्याचं, खालच्या थरात दोघंही बरोबरीला येतात. म्हणून कोकणापुरतं जेटचं कौतुक फार करू नका. कागदावर ३५० किमीला २६ आणि ४२ असा सोळा मिनिटांचा फरक दिसतो, प्रत्यक्षात तो आठ-दहा मिनिटांवर येतो.

आणि चौथा वाटा कंपनीने हातचा राखलेला. वेळापत्रकातल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत विमान आलं तर ते सरकारी मोजणीत वेळेवर धरलं जातं. टक्केवारी चांगली दिसावी म्हणून कंपन्या वेळापत्रकातच पाच-दहा मिनिटं जास्त टाकतात. ‘आपण वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो आहोत’ अशी घोषणा होते तेव्हा टाळ्या वाजवायचं कारण नाही.

छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या उडान योजनेतही सरकारने पल्ला धरला तो ‘एक तास, साधारण ५०० किमी’ असा, आणि त्या पल्ल्याला २,५०० रुपयांची मर्यादा घातली. एटीआरचा वेग बघता हे गणित हवेत बरोबर आहे. मुंबईच्या टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवर, नाही.

वाऱ्याबद्दल एक शंका नेहमी येते: पावसाळ्यात एवढा वारा, मग विमानाला उशीर होत नाही का? आपल्या मार्गावर वाऱ्यामुळे जवळजवळ फरक पडत नाही. पावसाळ्यात खालच्या थरात वारा पश्चिमेकडून येतो, खूप वर तोच पूर्वेकडून वाहतो. पण विमान जातंय उत्तर–दक्षिण, म्हणजे वारा कुठूनही आला तरी तो बाजूनेच लागतो. ४५० नॉट वेगाच्या विमानाला ५० नॉटचा अगदी आडवा वारा लागला, तर विमान नाक थोडं वाऱ्याकडे वळवून उडतं आणि जमिनीवरचा वेग ४४७ होतो. मुंबई–दाबोळीच्या अख्ख्या अंतरावर हा तोटा दहा-बारा सेकंदांचा.

दुबईचं मात्र तसं नाही. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किमी, आणि मार्ग पूर्व–पश्चिम. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून जोरात असतो. जाताना तो छातीवर, येताना पाठीवर. ५० नॉटचा वारा धरला तर जाताना वेग ४००, येताना ५००, आणि तेवढ्याने दोन्हींमध्ये अर्ध्या तासाचा फरक पडतो. पावसाळ्यात हा फरक मावळतो. कोणीतरी हटकून विचारतं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग दुबई आपोआप जवळ यायला हवी. नाही येत. हवा पृथ्वीसोबतच फिरते आणि विमान त्या हवेत असतं.

भावाच्या तिकिटावरचा वेळ वाचताना आणखी एक खाचखळगा. दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. दुबईहून सकाळी १० ला निघून मुंबईत दुपारी २.२० ला, असं लिहिलं असेल तर वजाबाकी ४ तास २० मिनिटं दाखवते. त्यातून दीड तास काढा, प्रवास २ तास ५० मिनिटांचा. जाताना उलट, दीड तास मिळवायचा. रत्नागिरी, राजापूरकडची कितीतरी घरं आखाताशी जोडलेली आहेत, तिथल्या बायकांना हे तोंडपाठ असतं. नव्याने तिकीट बघणाऱ्यालाच ‘जाताना पावणेदोन तास आणि येताना सव्वाचार?’ असा धक्का बसतो.

आता गणपतीचा खरा प्रश्न, पावसाचा. वाऱ्याने विमान लांबत नाही, ढगाने लांबतं. चिपी काय, मोपा काय, दोन्ही सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच पठारावर. किनाऱ्यावर ढग बऱ्यापैकी उंच वाटतो, तोच सड्यावर जमिनीच्या जवळ आलेला असतो. उतरताना ठरलेल्या उंचीपर्यंत खाली आल्यावर वैमानिकाला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसावेच लागतात. नाही दिसले तर पुन्हा वर जायचं, यात मनमानी नाही. ही उंची किती, ते त्या धावपट्टीवर कोणती उपकरणं आहेत यावर ठरतं. मोठ्या विमानतळावर विमान बरंच खाली येऊन ठरवू शकतं, छोट्यावर वरूनच निर्णय घ्यावा लागतो. म्हणून त्याच पावसात एका ठिकाणी विमान उतरतं आणि चाळीस किलोमीटरवर दुसरीकडे उतरत नाही. लोक चिडतात, ‘थय उतारला, मग हय कित्याक नाय?’ कारण हे.

आम्ही निघतानाच त्याची तजवीज करतो. जायला लागणारं इंधन, त्यावर वाटेतल्या फेरफारासाठी थोडं जास्त, मग पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्याही नंतर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं. पर्यायी विमानतळ गोव्यातला असेल तर तुमचं नशीब बरं, तिथून गाडी करून मालवण गाठता येतं. कधी कधी विमान फिरून मुंबईलाच परत येतं. खराब हवामान कंपनीच्या हाताबाहेरचं कारण मानलं जातं, त्यामुळे नुकसानभरपाई मिळत नाही. पण उड्डाणच रद्द झालं तर पूर्ण पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा, यातलं एक मागायचा हक्क तुमचा. काउंटरवर आवाज चढवण्याआधी हे स्पष्ट विचारून घ्या.

म्हणून पावसाळ्यात सकाळचं पहिलं विमान घ्यावं, असं सगळे सांगतात. त्यात अर्धंच तथ्य आहे. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं आणि सकाळची वीस मिनिटं संध्याकाळपर्यंत दीड तास होतात. या हिशेबाने पहिलं विमान चांगलंच. पण सड्यावरचं धुकं आणि खालचे ढग पहाटे जास्त असतात, नऊ-दहानंतर उचलले जातात. सप्टेंबरात मला विचाराल तर साडेनऊ ते बाराच्या दरम्यान उतरणारं विमान मी धरीन.

मग जायचं कुठून? अंतराकडे पाहू नका, दाराकडे पाहा. डोंबिवलीहून अंधेरीचा विमानतळ म्हणजे दोन तास हातात ठेवायचे. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि विमानात चढायचं दार २५ मिनिटं आधी. आई सोबत आहे, व्हीलचेअर लागणार असेल, तर दीड तास आधी पोचणं हे कमीत कमी. इथवर साडेतीन तास झाले आणि तुम्ही अजून मुंबईतच आहात. पुढे चिपीचं विमान मिळालं तर १ तास २५ मिनिटं, सामान घ्यायला वीस-पंचवीस, आणि मालवणला पाऊण तास. एकूण सहा. मोपाला उतरलात तर तिथून मालवण पावणेदोन-दोन तास, म्हणजे एकूण सात-सव्वासात.

रेल्वेने याच दिवसांत काय होतं? वंदे भारत एरवी मुंबई–मडगाव पावणेआठ तासांच्या आसपास घेते. ठाण्याला चढून कणकवलीला उतरलं की पाच-साडेपाच तासांत काम होतं, पुढे तासाभरात मालवण. घरून धरलं तर साडेसात. म्हणजे ‘२६ मिनिटांच्या’ विमानात आणि गाडीत एरवी फरक किती, तर दीड तास, आणि मोपामार्गे गेलात तर जवळजवळ शून्य! पण गणपती येतो पावसाळी वेळापत्रकात. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत दरडींच्या भीतीने कोकण रेल्वेवर वेग उतरवलेला असतो आणि तीच गाडी मडगावला दहा तासांच्या घरात पोचते. तेव्हा घर ते घर नऊ-साडेनऊ तास धरा. रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी मिळाली तर तास मोजायची गरजच नाही, झोपेत जातात. पण गणपतीतलं ते तिकीट मिळवणं हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यातला मी तज्ज्ञ नाही.

डोंबिवलीकरांनी आता नवी मुंबईचाही विचार करायला हवा. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथून मोपा ३७० किमी. अंधेरीपेक्षा सोळा किलोमीटर कमी, विमानाला याचा फायदा दोन मिनिटांचाही नाही. पण डोंबिवली–उलवे (हा विमानतळ उलव्याला आहे) हा रस्ता अंधेरीच्या मानाने पाऊण तास तरी वाचवतो. गर्दीच्या सकाळी जास्तच. तुमच्या तारखेला तिथून विमान आहे का, ते आधी बघा.

आणखी एक, कोणत्या गावाला कोणता विमानतळ. परुळे, मालवण, वेंगुर्ला, कुडाळ यांना चिपी. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग यांना मोपा, बांद्याला तर तो शेजारीच आहे. ५ जानेवारी २०२३ ला मोपा सुरू झाल्यापासून दक्षिण सिंधुदुर्गाचं गणितच बदललं, आणि माझ्या मते चिपीचे प्रवासी घटायला तेही एक कारण आहे. चिपीची विमानं बंद-चालू होत आली आहेत, म्हणून चिपीचं तिकीट दिसलं तरी त्याच दिवशीचं मोपाचं वेळापत्रक बाजूला लिहून ठेवा. दाबोळी दक्षिण गोव्यासाठी बरं, सिंधुदुर्गासाठी आता कशाला? देवगडवाल्यांनी भाडं बघून ठरवावं, दोन्हीकडून रस्त्याचा वेळ जातोच. रत्नागिरी, चिपळूण, खेडला जाणाऱ्यांनी विमानाचा विचारच करू नये. गोव्यात उतरून उत्तरेला परत येण्यापेक्षा गाडीने कधीच घरी पोचाल.

आणि पुढची गाडी आधी ठरवून ठेवा. मोपाला टॅक्सी मिळते. चिपीला विमानं कमी, म्हणून गाड्याही कमी. आमच्या शेजारच्या काकी एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, ‘इमान येळार इला, पण रिक्षा खंय गावतली?’ ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या दिवशी फोन करा आणि त्याला उतरण्याची वेळ सांगा, निघण्याची नाही. मुंबईहून विमान उशिरा सुटलं तर लगेच त्याला कळवा.

भावाचं राहिलं. तुम्ही विचारलंय की दुबईचं विमान मुंबईत उतरल्यावर पुढच्या विमानासाठी दोन तास पुरतील का. वेगवेगळी तिकिटं असतील तर नाही पुरणार. त्याला इमिग्रेशन, पट्ट्यावरून सामान, कस्टम, मग बाहेर येऊन पुन्हा देशांतर्गत काउंटर, आणि तो काउंटर तासभर आधी बंद. टर्मिनल बदलावं लागलं तर रस्त्यावरून जावं लागतं. तुमचं विमान नवी मुंबईहून आणि तो उतरतोय अंधेरीला, असं झालं तर पंचाईतच. चार तास ठेवा. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर तीनही चालतील, कारण पहिलं विमान उशिरा आलं तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची असते. वेगळ्या तिकिटांवर ती तुमची.

पण त्याला मुंबईत आणायचाच कशाला? आखातातून गोव्याला थेट विमानं असतात. त्या तारखेला मिळालं तर तो तिकडून मोपाला किंवा दाबोळीला उतरेल आणि बहुधा तुमच्या आधी मालवणात असेल. फक्त त्याला सांगा की तिकिटावर ‘गोवा’ एवढंच पाहू नकोस, जीओएक्स लिहिलंय की जीओआय ते बघ. पहिलं मोपा, दुसरं दाबोळी, आणि दोन्हींच्या मध्ये मांडवी-झुवारीवरून दीड तासाचा रस्ता आहे.